निर्वासित तरुणांचे स्वास्थ्य: गुणांची थेट तुलना करावी का?

प्रश्न (विद्यार्थिनी, सोलापूर): जॉर्डनमधील सीरियन आणि बांगलादेशातील रोहिंग्या तरुणांवरील दोन अभ्यासांत जागतिक आरोग्य संघटनेचा पाच प्रश्नांचा मानसिक स्वास्थ्य निर्देशांक वापरला आहे. त्यांच्या सरासरी गुणांची तुलना ग्राह्य ठरेल का?

प्रतिसाद १: थेट नाही. गेल्या दोन आठवड्यांविषयीच्या उत्तरांचे २५ पैकी गुण ४ ने गुणून शंभरात मांडले, तरी दोन्ही गटांत प्रश्नांचे परस्परसंबंध सारखे आहेत का, हे घटक विश्लेषणाने (कोणती उत्तरे एकत्र बदलतात हे पाहणाऱ्या संख्याशास्त्रीय पद्धतीने) आधी तपासावे लागते; अन्यथा फरक स्वास्थ्याचा की उत्तर देण्याच्या सवयीचा, हे कळत नाही.

प्रतिसाद २: सहमत, पण केवळ संख्याशास्त्रावर विसंबू नये. आपल्या सोलापूरच्या पूर्व भागातील यंत्रमाग कुटुंबांतही वडीलधारे शेजारी बसले, की मुले ‘बरे आहे’ एवढेच सांगतात. छावणीत प्रश्न विचारणारा मदत वाटणाराच असेल, तर? प्रश्न कोणी विचारले, याची नोंद अभ्यासांत आहे का?

विद्यार्थिनी: एकाच अभ्यासात आहे. तूर्त दोन्ही गट स्वतंत्रपणेच मांडते.