मदत हवी आहे: नवा फ्युएल पंप बसवला तरी पेट्रोल गळतंय

रानपाखरू
नमस्कार मंडळी. घरी बांधलेल्या विमानाचा फ्युएल पंप गळतोय. जुना गळत होता म्हणून नवा आणून बसवला, तर तोही गळतोय. ऑशकॉशला (अमेरिकेतला मोठा विमान मेळावा) निघायला अडीच आठवडे उरलेत आणि विमान हँगरमध्ये अडकून पडलंय. टेफ्लॉन टेप लावून झाली, सीलंट लावून झालं, नट आणखी आवळून झाले. याहून चांगलं सीलंट कोणतं, तेवढं सांगा. तातडीचं आहे.

इंजिनकाका
सीलंटचं नंतर बघू. विमान कोणतं? इंजिन कोणतं? गळणारा पंप इंजिनवरचा मेकॅनिकल की इलेक्ट्रिक? गळतं नेमकं कुठून: पंपाच्या अंगातून, फिटिंगमधून की ड्रेनच्या नळीतून? इंजिन चालू असताना की बंद असताना? यातलं काहीच लिहिलेलं नाही, मग उत्तर द्यायचं कशाचं?

सुनीता_के
टेफ्लॉन टेप आधी काढा. आवळताना तिच्या चिंध्या सुटतात आणि पेट्रोलबरोबर कार्ब्युरेटरच्या नीडलपर्यंत जातात. नीडलच्या सीटवर तुकडा अडकला की फ्लोटचं भांडं भरून वाहायला लागतं, आणि जेटमध्ये अडकला तर इंजिन उपाशी मरतं. गळती सापडेपर्यंत इंजिन सुरू करू नका.

रानपाखरू
आरव्ही-७ए. लायकमिंग ओ-३६०, १८० हॉर्सपॉवर, कार्ब्युरेटरवालं. पंप मेकॅनिकल. काउलच्या (इंजिनावरच्या झाकणाच्या) खालून थेंब पडतात. नवा पंपच खराब निघाला असं समजायचं का?

वाळवंटी
तुम्ही राहता कुठे? इकडे ॲरिझोनात उन्हाळ्यात इंजिन बंद केल्यावर काउलमधली उष्णता पंपात शिरते आणि आतल्या पेट्रोलची वाफ होते. पंपाभोवती पत्र्याचं कवच करा, त्यात बॅफलमधून (इंजिनाकडे हवा वळवणाऱ्या पत्र्यातून) एक इंची नळीने थंड हवा सोडा आणि होजवर फायरस्लीव्ह (आगीपासून वाचवणारं आवरण) चढवा.

इंजिनकाका
वाळवंटी, तो वेपर लॉकचा, म्हणजे वाफेमुळे पेट्रोल अडण्याचा, उपाय झाला. यांचं पेट्रोल बाहेर पडतंय.

रानपाखरू, काउलच्या खालून थेंब पडतात यावरून काहीच कळत नाही. तिथे पंपाचा ड्रेन येतो, कार्ब्युरेटरच्या एअरबॉक्समधलं येतं, गॅस्कोलेटरचं (पेट्रोलमधलं पाणी-गाळ धरणाऱ्या गाळणीचं) येतं, ब्रीदरचं तेलही येतं. पंपात दोन डायाफ्राम (लवचीक पडदे) असतात, एक पेट्रोलच्या बाजूचा, एक तेलाच्या. मधल्या पोकळीतून ड्रेनची नळी बाहेर काढलेली असते. तिच्या तोंडाला एक छोटी पारदर्शक बाटली रात्रभर बांधा. निळसर पेट्रोल साचलं तर पेट्रोलचा डायाफ्राम फाटलाय, काळपट तेल साचलं तर तेलाचा. बाटली कोरडी राहिली तर डायाफ्राम शाबूत आहेत आणि पंपाला दोष देण्यात अर्थ नाही.

गगनगिरी
एवढा खटाटोप कशाला? मेकॅनिकल पंप काढा, भोकावर ब्लँकिंग प्लेट बसवा आणि पंखांच्या मुळाशी दोन इलेक्ट्रिक पंप लावा. पंप टाकीजवळ असला की पेट्रोल ओढावं लागत नाही, ढकललं जातं. वेपर लॉकही संपला आणि तापलेल्या इंजिनवर डायाफ्राम टांगायची गरजही संपली.

इंजिनकाका
पंख खाली असलेलं विमान आहे हे. सीएच-७५०सारख्या वर पंख असलेल्या विमानात पेट्रोल आपल्या वजनाने खाली येतं, इथे येत नाही. ठिणगी देणाऱ्या मॅग्नेटोला विमानाची वीज लागत नाही, मेकॅनिकल पंपालाही नाही. अख्खी वीज गेली तरी हे इंजिन चालत राहतं. तुमच्या योजनेत एक मास्टर रिले (विजेचा मुख्य स्विच) गेला की दोन्ही पंप थांबतील.

गगनगिरी
दोन्ही पंप एकाच बसवर (विजेच्या एकाच लाइनवर) ठेवायला कोणी सांगितलंय? दुसऱ्या पंपाला वेगळी बॅटरी, वेगळा स्विच, वेगळा फ्यूज द्यायचा. इंजेक्शनवाले किती जण असंच उडवतात.

इंजिनकाका
ते पहिल्या दिवसापासून तसं आखलेलं असतं. अडीच आठवड्यांत इंधनाची अख्खी रचना बदलून लांबच्या उड्डाणाला निघायचा सल्ला मी देणार नाही.

कोथरूडकर
थोडं अवांतर. असं घरी बांधलेलं विमान भारतात उडवता येतं का? चारकोपच्या गच्चीवर अमोल यादव यांनी बांधलेल्या विमानाला २०१७ मध्ये नोंदणी मिळाली होती ना? अमेरिकेत दुरुस्ती स्वतः करायला चालते?

सुनीता_के
कोथरूडकर, हो, नोंदणी क्रमांक व्हीटी-एनएमडी. भारतातल्या नियमांसाठी वेगळा धागा काढा, चांगला विषय आहे. अमेरिकेत हौशी बांधणीच्या विमानाची दुरुस्ती कोणीही करू शकतं. वर्षाच्या कंडिशन इन्स्पेक्शनची (विमानाच्या तपासणीची) सही मात्र सर्टिफिकेट असलेल्याचीच लागते, जसं रिपेअरमन सर्टिफिकेट असलेला बांधणारा किंवा ए अँड पी (विमानाचा सांगाडा आणि इंजिन दोन्हींचा परवाना असलेला) मेकॅनिक.

रानपाखरू, आता हे करा. विमान हँगरबाहेर काढा, अग्निशामक हाताशी ठेवा, फ्रेम जमिनीला अर्थ करा. काउल काढून पंप, फिटिंग आणि होज पुसून अगदी कोरडे करा. सगळ्यावर पायाला मारायच्या पावडरचा स्प्रे मारा, पांढरं दिसलं पाहिजे. मिक्श्चर मागे ओढलेलं (इंजिनाचं पेट्रोल तोडलेलं), मॅग्नेटो बंद. फक्त मास्टर आणि बूस्ट पंप (जोडीचा इलेक्ट्रिक पंप) चालू करा. बूस्ट पंपाचं पेट्रोल मेकॅनिकल पंपातूनच पुढे जातं, त्यामुळे इंजिन न फिरवता सगळ्या जोडांवर दाब येतो. प्रेशर ०.५ ते ८ पीएसआयच्या मध्ये हवं. पाच मिनिटं टॉर्च घेऊन बघत राहा. पावडर पहिल्यांदा जिथे ओली होईल ती गळतीची जागा. पेट्रोल खालच्या कडेने वाहत जाऊन भलतीकडेच थेंब धरतं, म्हणून जागा थेंबावरून ठरवू नका. एअरबॉक्समधून पडलं तर दोष कार्ब्युरेटरच्या नीडलचा.

रानपाखरू
केलं. बाटली कोरडी. एअरबॉक्स कोरडा. दुसऱ्याच मिनिटाला पंपाच्या आउटलेटच्या एल्बोखाली (वळणाच्या फिटिंगखाली) पावडर निळी झाली, नखाएवढी, मग तिथून पंपाच्या पोटावरून खाली ओघळ. एल्बो आधीच भरपूर आवळलाय. आता तरी सीलंटचं नाव सांगा.

सुनीता_के
त्या पोर्टचे आटे टेपर (निमुळते) आहेत की सरळ? एल्बोला लॉकनट आणि ओ-रिंग आहे का? फोटो टाका.

रानपाखरू
लॉकनट आहे. काळी ओ-रिंग आहे. त्यावरच टेप आणि सीलंट लावलं होतं. ओ-रिंग घरात होती तीच, हायड्रॉलिकच्या पाकिटातली, एमएस२८७७८-०६. मापाला बरोबर बसली.

इंजिनकाका
सापडलं. मापाला बसणारच, दोन्हींचं माप एकच आहे. एमएस२८७७८ हायड्रॉलिक तेलासाठी, पेट्रोलला एमएस२९५१२-०६ लागते. दोन्ही काळ्या, हातात घेऊन फरक कळत नाही, म्हणून पाकिटावरचा नंबर वाचूनच घ्यायची. आणि सरळ आट्यांना सीलंट कधीच लागत नाही. तिथे सील फक्त ओ-रिंग करते, आटे नुसते धरून ठेवतात. टेपमुळे ओ-रिंग खाचेत बसलीच नसणार.

टेपर आटे असते तर थोडं सीलंट चाललं असतं, पहिले एक-दोन आटे कोरडे सोडून. तेही टेप नव्हे.

सुनीता_के
बसवण्याची रीत लिहिते, घाई करू नका. एल्बो काढा, आटे आणि पोर्टचं तोंड ब्रशने साफ करा, टेपचा एक धागाही आत राहता कामा नये. लॉकनट वरपर्यंत मागे फिरवा. ओ-रिंग आट्यांच्या वरच्या खाचेत ठेवा, आट्यांवरून सरकवताना पातळ प्लास्टिक गुंडाळा, नाहीतर कापली जाते. तिला इंजिन ऑइलचा एक थेंब पुरे. एल्बो हाताने फिरवत ओ-रिंग पोर्टला टेकेपर्यंत न्या, मग हवा तो कोन येईपर्यंत फार तर आणखी एक फेरा. आता एका पान्याने एल्बो धरा आणि दुसऱ्याने लॉकनट पंपाच्या धातूला टेकेपर्यंत आवळा. एल्बो स्वतः आवळायचा नसतो. तुम्ही तोच आवळत राहिलात आणि ओ-रिंग आट्यांत चिरडली.

होजच्या फ्लेअरलाही (पसरट तोंडाच्या जोडालाही) टेप लावली असेल तर तीही काढा. तिथे धातूवर धातू बसतो. ॲल्युमिनिअमची ३/८ नळी कुठे असेल तर तिचा नट ७५ ते १२५ इंच-पाउंड, त्यापुढे फ्लेअरला तडा जातो.

एल्बो जागेवर निघत नसेल आणि पंप उतरवावा लागला, तर परत बसवताना प्लंजरकडे (पंपाची आर्म ढकलणाऱ्या दांड्याकडे) लक्ष ठेवा. प्लगच्या वायर काढून प्रोपेलर हाताने फिरवा, प्लंजर वर गेला की त्याला घट्ट ग्रीस लावून तिथेच चिकटवा. तो खाली घसरलेला असताना पंप दाबून आवळला तर पंपाची आर्म वाकते. नवी गास्केट, ५/१६चे बोल्ट २०४ इंच-पाउंड.

वाळवंटी
आणि फायरस्लीव्ह विसरू नका.

रानपाखरू
ओ-रिंग काढली. एका बाजूने सपाट चिरलेली, आट्यांचे ठसे उमटलेले. पोर्टमध्ये टेपचे तीन पांढरे धागे सापडले. एमएस२९५१२ उद्या येतेय. इनलेटच्या एल्बोलाही हीच ओ-रिंग लावली होती, ती गळत नाही. ती राहू दे का?

इंजिनकाका
राहू देऊ नका. बूस्ट पंप बंद असताना इनलेटच्या बाजूला दाब नसतो, ओढ असते. तिथे पेट्रोल बाहेर येत नाही, हवा आत जाते, आणि टेकऑफनंतर बूस्ट पंप बंद केल्यावर प्रेशरचा काटा नाचायला लागतो. दोन्ही बदला, आणि कार्ब्युरेटरच्या इनलेटची जाळी काढून टेपचे तुकडे बघा.

सुनीता_के
लाइन उघडली आहे तर फ्लोही मोजून घ्या. १८० हॉर्सपॉवरला दर हॉर्सपॉवरमागे तासाला ०.५५ पाउंडप्रमाणे ९९ पाउंड, म्हणजे साडेसोळा गॅलन. त्याच्या १२५ टक्के, साधारण २०.६ गॅलन, कार्ब्युरेटरच्या तोंडाशी मिळायला हवं, नाक चढणीच्या कोनात वर करून.

रानपाखरू
दोन्ही ओ-रिंग बदलल्या. जाळीत आणखी एक धागा मिळाला. बूस्ट पंपावर दहा मिनिटं, मग इंजिन पंधरा मिनिटं, पावडर पांढरीच. फ्लो २३ गॅलन. सगळ्यांचे मनापासून आभार.

इंजिनकाका
लॉकनटवर टॉर्क सीलची (नट सैल झाला की तुटणाऱ्या रंगाची) रेघ ओढा, आणि पहिल्या एका तासाच्या उड्डाणानंतर काउल काढून तीच पावडर परत मारा.