क्लॅश रॉयल: मेगा नाइट, पेका सगळं असून पण हरतोय, डेक कसा लावू?

विट्याचा_गडी
भावांनो क्लॅश रॉयल ह्या मोबाइल गेममधे जरा मदत करा. मेगा नाइट मिळाला तेव्हा वाटलं आता सुटलोच, पण उलटं झालंय, ट्रॉफ्या खाली खालीच चालल्यात. डेक, म्हणजे खेळायला निवडलेली आठ कार्डं, असा आहे: मेगा नाइट, पेका, एलिट बार्बेरियन्स, प्रिन्स, विझार्ड, विच, मिनियन होर्ड आणि अ‍ॅरोज. समोरचा मधल्या नदीच्या पुलावर हॉग रायडर टाकतो, माझ्याकडं एलिक्सर (कार्ड टाकायला खर्च होतं आणि हळूहळू परत भरतं ते) असतंय चार आणि हातातलं सगळ्यात स्वस्त कार्ड पाचचं, मग नुसतं बघत बसायचं आणि हॉग टॉवरवर हातोडे मारतोय. हवेतून बलून आला तर विचारूच नका. एवढी भारी कार्डं असून असं का होतंय? काय काढू काय टाकू सांगा, फक्त मेगा नाइट काढ म्हणू नका, लय आवडतो मला.

मिरज_एक्स्प्रेस
भावा आधी बेरीज कर. तुझी आठ कार्डं मिळून ४३ होतात, म्हणजे सरासरी ५.४ च्या आसपास. साध्या वेळात एक एलिक्सर भरायला २.८ सेकंद लागतात, म्हणजे सगळं संपवून मेगा नाइट टाकलास की परत सात भरेपर्यंत जवळपास २० सेकंद हात बांधलेले, आणि हॉगवाला तेवढ्या वेळात दुसऱ्या बाजूनं येणारच, तो काय थांबतोय व्हय. कबड्डीच्या टीममधे सातही जण रेडर घेतले तर पकड कोण करणार, तसं झालंय तुझं. आणि बलूनचं म्हणशील तर मेगा नाइट, पेका, प्रिन्स, एलिट बार्बेरियन्स, ह्या चौघांपैकी एकाला पण हवेतलं मारता येत नाही. अर्धा डेक तिथंच गेला.

कार्ड किती भारी आहे ते बघू नको, किती एलिक्सरला किती एलिक्सर मारलं ते बघ. चारचा हॉग तीनच्या कॅननवर अडकवला की एक वाचला. पाचची मिनियन होर्ड तीनच्या अ‍ॅरोजनं गेली की दोन वाचले. असं साठत साठत गेलं की मगच मोठा अटॅक बसतो.

प्रीतिसंगम_कराड
वरचं बरोबर आहे. मेगा नाइट राहू दे, बाकीचं बदल. मी सांगते तो लावून बघ: मेगा नाइट ७, हॉग रायडर ४, मस्केटिअर ४, कॅनन ३, अ‍ॅरोज ३, झॅप २, स्केलेटन्स १, आइस स्पिरिट १. बेरीज २५, सरासरी ३.१. आता टॉवर फोडायचं काम हॉगचं, हवेतलं पाडायचं मस्केटिअरचं.

कॅनन टॉवरजवळ टाकू नको, मधोमध टाक, नदीपासून तीन-चार घरं सोडून. हॉग फक्त इमारतीच्या मागं लागतो, त्यामुळं तो वाट सोडून मधे येतो आणि तुझे दोन्ही प्रिन्सेस टॉवर त्याला मारतात. आणि मेगा नाइट सुरुवातीलाच पुलावर टाकायची सवय पहिली सोड. तो पडताना खालच्यांना डॅमेज देतो, म्हणून समोरच्यानं विच नाहीतर विझार्ड आणि मागं बारीकसारीक गर्दी आणली की बरोबर त्यांच्या डोक्यावर टाक. जगला की तोच पुढं चालत जातो, पुलाजवळ आला की हॉग जोडायचा. समोरच्याला दोघांना एकदम अडवायचं म्हणजे जड जातं.

वाईकर_गेमर
मला मेगा नाइटचं हे प्रेम पटत नाही, स्पष्ट बोलतो. सातचं एक कार्ड हातात अडकलं की हातातल्या चार कार्डांतली एक जागा गेलीच. टाकलेलं कार्ड परत हातात यायला मधे दुसरी चार टाकावी लागतात, म्हणून स्वस्त डेकमधे हॉग समोरच्याच्या बिल्डिंगच्या आधी परत येतो, खरा खेळ तिथं आहे. हॉग, मस्केटिअर, आइस गोलेम, आइस स्पिरिट, स्केलेटन्स, कॅनन, फायरबॉल, लॉग, हा सरासरी २.६ चा डेक कितीतरी वर्षं चालतोय ते उगाच नाही.

प्रीतिसंगम_कराड
@वाईकर_गेमर डेक चांगलाच आहे, पण त्यात समोरच्यानं कुठलं कार्ड कधी टाकलं हे सगळं ध्यानात ठेवावं लागतं आणि एक कार्ड चुकीच्या जागी पडलं की टॉवर जातो. ५.४ वरून आलेल्या पोराला डायरेक्ट २.६ दिलं तर दोन दिवसात कंटाळेल. आधी ३.१ वर हात बसू दे.

विट्याचा_गडी
ताई तुमचा डेक लावतोय. पण माझं कॅनन आणि मस्केटिअर लेव्हलला लय मागं आहेत, सगळं गोल्ड पेका आणि प्रिन्सवर गेलं. आता काय करू?

मिरज_एक्स्प्रेस
इथून पुढं गोल्ड फक्त ह्या आठ कार्डांवर घाल, आधी कॅनन, मग मस्केटिअर. कार्ड कमी पडत असतील तर क्लॅनमधे, म्हणजे खेळाडूंच्या गटात, रोज रिक्वेस्ट टाक, कॅनन कॉमन (सहज मिळणारं) कार्ड आहे, लोक देतात. तोवर क्लॅनमधल्याच कुणाबरोबर तरी फ्रेंडली बॅटल खेळ, त्यात ट्रॉफ्या जात नाहीत. आणि हरलास की लगेच डेक बदलू नको, बॅटल लॉगमधे रिप्ले बघ, टॉवर गेला तेव्हा तुझ्याकडं एलिक्सर किती होतं तेवढंच बघ.