१९४९ मध्ये भारत राष्ट्रकुलात राहिलाच नसता तर?

इतिहासवेडी
एप्रिल १९४९. लंडनला राष्ट्रकुलाच्या, म्हणजे ब्रिटन आणि त्याच्या जुन्या वसाहतींच्या संघटनेच्या, पंतप्रधानांची बैठक. भारत प्रजासत्ताक होणार हे ठरलेलं, आणि तोवरचा दंडक असा की सभासद देशाने ब्रिटनच्या राजाशी निष्ठा मानलीच पाहिजे. ब्रह्मदेश आदल्या वर्षी आत आलाच नव्हता, आयर्लंड त्याच महिन्यात बाहेर पडलं. शेवटी राजा म्हणजे फक्त मुक्त सहकार्याचं प्रतीक असा तोडगा निघाला आणि आपण राहिलो. घटना समितीत मौलाना हसरत मोहानींनी याला विरोध केला होता. त्यांचं ऐकलं असतं तर? मला वाटतं, लंडनमध्ये पडून असलेला आपला पैसा ब्रिटनने अडकवलाच असता.

जुना_खतावणीवाला
पैशाचं मला पटत नाही. युद्धात ब्रिटनने इथला माल आणि सैन्य वापरलं, रोख न देता पौंड रिझर्व्ह बँकेच्या नावे लंडनमध्ये जमा धरले. युद्ध संपताना ही रक्कम १३० कोटी पौंडांच्या आसपास होती. आपण सभासद असतानाही ती गोठवलेलीच होती. १९४७ पासून करार करकरून हप्त्याहप्त्याने सुटत गेली.

खरी दोरी स्टर्लिंग क्षेत्राची, म्हणजे आपलं चलन ब्रिटिश पौंडाला बांधलेल्या देशांच्या गटाची. आयर्लंड बाहेर पडलं तरी त्याचा पौंड १९७९ पर्यंत ब्रिटिश पौंडाला बांधलेलाच होता. उलट बाजूने पाहा. सप्टेंबर १९४९ मध्ये ब्रिटनने पौंड ४.०३ डॉलरवरून २.८० वर आणला. आपण पाठोपाठ रुपया उतरवला, रुपयाचा पौंडातला १ शिलिंग ६ पेन्सचा भाव तसाच ठेवला. पाकिस्तानने साफ नकार दिला, आणि तोही राष्ट्रकुलातच होता! पाकिस्तानातल्या पूर्व बंगालचा कच्चा ताग एकाएकी महागला, आपल्याकडच्या हुगळीकाठच्या ताग गिरण्यांची कोंडी झाली, दोन्ही देशांचा व्यापार १९५१ च्या सुरुवातीपर्यंत जवळपास ठप्प. या सगळ्यात राष्ट्रकुल कुणाच्या कामी आलं?

सातासमुद्रापार
माणसांच्या बाबतीत मात्र मोठा फरक पडला असता. ब्रिटनच्या १९४८ च्या कायद्यामुळे राष्ट्रकुलातल्या नागरिकांना तिथे जाऊन राहायला, काम करायला मोकळीक होती. १९६२ मध्ये ती आवळली. साउथॉलमध्ये पंजाबी वस्ती उभी राहिली ती याच दरम्यान. आयर्लंडला बाहेर पडूनही 'परका देश नाही' असा दर्जा १९४९ च्या कायद्याने दिला, पण तिथे उत्तर आयर्लंडची सरहद्द होती, मजुरांची गरज होती. ही मेहेरबानी दिल्लीवर झाली असती असं मी धरणार नाही.

इतिहासवेडी
पैशाचा मुद्दा मान्य. त्यावरून आणखी एक सुचलं आणि ते मला जास्त महत्त्वाचं वाटतं. तो तोडगाच निघाला नसता, तर प्रजासत्ताक झालेला प्रत्येक देश आपोआप बाहेर: १९५६ मध्ये पाकिस्तान, १९६० मध्ये घाना. मग मार्च १९६१ च्या बैठकीत दक्षिण आफ्रिकेला जाब विचारायला कोण उरलं असतं? भारतासाठी निघालेल्या वाटेमुळेच तिथले पंतप्रधान फेरवुर्ट यांना प्रजासत्ताक झाल्यावरही सभासद राहू द्या अशी परवानगी मागावी लागली. नेहरू, घानाचे एन्क्रुमा आणि कॅनडाचे डीफनबेकर यांनी वर्णभेदावरून धारेवर धरलं, आणि फेरवुर्टना अर्ज मागे घ्यावा लागला. तोडगा नसता तर ते स्वतःच्या मर्जीने उठून गेले असते, वर्णभेदाचा शब्दही न निघता.

जुना_खतावणीवाला
हे पटलं. एक मात्र आहे, सिलोन (आजची श्रीलंका) तेव्हा प्रजासत्ताक नव्हतं, म्हणजे ते आत असतं. त्याने तोंड उघडलं असतं का, यावर कुणी लिहा.