मदत हवी आहे: कंपनी ‘स्पॅक’मधून नॅस्डॅकवर जाते आहे, ईसॉप आत्ताच घेऊन टाकू का?

खाडीकाठ

नमस्कार मंडळी. शेअर बाजारातलं मला एसआयपीपलीकडे फारसं कळत नाही, म्हणून जरा सविस्तर लिहितो. हातचं राखून न ठेवता सांगा.

रत्नागिरीजवळ गावी राहून एका सॉफ्टवेअर कंपनीचं काम घरून करतो. लॉकडाऊनमध्ये आलो तो इथेच राहिलो. कंपनी भारतात नोंदलेली, मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर बनवते, नफा अजून नाही. नाव देत नाही. परवा सगळ्यांची ऑनलाइन सभा घेऊन सांगितलं की अमेरिकेतल्या एका स्पॅकशी करार झालाय, केमनमध्ये नवी होल्डिंग कंपनी निघेल, आम्हाला आमच्या शेअरच्या बदल्यात तिचे शेअर मिळतील आणि ते नॅस्डॅकवर लिस्ट होतील. नेमकी प्रश्नोत्तरं सुरू झाली आणि इथली लाइट गेली (पहिला पाऊस, दुसरं काय). त्यामुळे जे कळलंय ते नंतर आलेल्या पीडीएफवरून.

माझ्या ईसॉपचे (ठरलेल्या भावाला कंपनीचे शेअर घ्यायचा कर्मचाऱ्याचा हक्क) आकडे असे. वेस्ट झालेले (म्हणजे आता वापरता येतील असे) ऑप्शन ३,०००, एक्सरसाइज किंमत (हक्क वापरून शेअर घ्यायचा भाव) ५० रुपये. मर्चंट बँकरने काढलेली सध्याची किंमत ८०० रुपये. करारात आमच्या एका शेअरला नवे १.६ शेअर, दर शेअर १० डॉलर. म्हणजे ४,८०० शेअर, ४८,००० डॉलर, आणि डॉलर ८५ धरला तर ४० लाख ८० हजार रुपये. हा हिशेब एचआरनेच करून पाठवलाय, ठळक अक्षरांत.

खाली लिहिलंय की मर्जर व्हायच्या आत एक्सरसाइज केलंत तर थेट भागधारक व्हाल. त्याला दीड लाख लागतील, वर टॅक्स किती ते कोणी धड सांगत नाही. बाबा म्हणतात, वाशीहून आंब्याचे पैसे आलेत त्यातले घे, कलमांच्या खताचं नंतर बघू. आमच्या घरात खताचं ‘नंतर बघू’ असं कधी म्हणत नाहीत, त्यामुळे मलाच धसका बसलाय.

विचारायचं आहे ते हे: हे दहा डॉलर आले कुठून? लिस्टिंगनंतर निदान तेवढे तरी मिळतील ना? स्पॅकचे पैसे ट्रस्टमध्ये सुरक्षित असतात म्हणे, मग धोका कुठे? आणि तक्त्याखाली बारीक अक्षरांत ‘रिडेम्प्शन शून्य धरून’ असं लिहिलंय, ते काय?

गजाली

ता बारीक अक्षरातलाच खरा, बाकीची सगळी पावडर. खताच्या पैशांक हात लावू नको. जाणकार येतत, जरा थांब.

न्यूजर्सीवाला

मूळ गाव गुहागर, हल्ली मुक्काम पोस्ट न्यू जर्सी, नोकरी याच धंद्याच्या कडेला. सुरुवातीपासून सांगतो, त्याशिवाय ती तळटीप कळणार नाही.

स्पॅक म्हणजे धंदा नसलेली कंपनी. काही मंडळी (यांना स्पॉन्सर म्हणतात) ती काढतात, आयपीओ आणतात आणि लोकांना सांगतात की पैसे द्या, आम्ही एखादी चांगली खासगी कंपनी शोधून तिच्यात विलीन होऊ. आयपीओत एक युनिट १० डॉलरला विकतात. तुमचे दहा डॉलर आले ते इथून. तुमच्या कंपनीची किंमत कोणी बाजारात बोली लावून काढलेली नाही. युनिटचा भाव आधीच १० ठरलेला असतो आणि तुमची कंपनी त्यात बसेल असं गुणोत्तर दोन बाजू बसून ठरवतात.

आलेले पैसे ट्रस्टमध्ये, अमेरिकी सरकारच्या अल्पमुदतीच्या रोख्यांत. कंपनी शोधायला साधारण १८ ते २४ महिने, नाही सापडली तर पैसे परत. इथवर सगळं सुरक्षित. पण सुरक्षित कोणासाठी? ज्याने स्पॅकचा शेअर घेतलाय त्याच्यासाठी. विलीनीकरणाआधी त्याला हक्क असतो की मला तुमची कंपनी नको, माझे दहा डॉलर व्याजासकट द्या. हेच रिडेम्प्शन; तुमच्या तक्त्यात ते शून्य, म्हणजे कोणीच पैसे परत मागणार नाही असं धरलंय. गंमत अशी की पैसे परत मागणारा विलीनीकरणाच्या बाजूने मतही देऊ शकतो आणि युनिटबरोबर आलेली वॉरंट्स (पुढे ठरलेल्या भावाला शेअर घ्यायचे हक्क) जवळ ठेवू शकतो. म्हणून ठराव दणदणीत मतांनी पास होतो आणि त्याच दिवशी ट्रस्ट रिकामा होतो.

पीडीएफमध्ये तीन आकडे शोधा: आयपीओत किती जमले होते, आज ट्रस्टमध्ये किती आहेत, आणि पाइप, म्हणजे बाहेरच्या गुंतवणूकदारांनी लेखी कबूल केलेले पैसे, किती. इथे टाका.

खाडीकाठ

सापडले. आयपीओत ११ कोटी ५० लाख डॉलर. मुदत एकदा वाढवून घेतली, तेव्हा बरेच लोक बाहेर पडले, आता ट्रस्टमध्ये ३ कोटी. पाइपसमोर ‘चर्चा सुरू आहे’.

न्यूजर्सीवाला

‘चर्चा सुरू आहे’ म्हणजे शून्य धरा.

आता बघा. अलीकडच्या वर्षांत ९० टक्के आणि त्याहून जास्त रिडेम्प्शन ही नवलाची गोष्ट राहिलेली नाही. तुमच्याकडे तेवढंच झालं तर ३ कोटीतले ३० लाख डॉलर उरतील. आता आयपीओ विकणाऱ्या बँकांची फी. त्यातला एक भाग, साधारण साडेतीन टक्के, विलीनीकरण होईपर्यंत थांबवून ठेवलेला असतो आणि तो बहुधा मूळ आयपीओच्या रकमेवर मोजतात, उरलेल्या पैशांवर नाही. ११ कोटी ५० लाखांचे साडेतीन टक्के म्हणजे ४० लाख २५ हजार डॉलर. म्हणजे आले ३० लाख आणि बँकेचेच देणे ४० लाख. वकील, ऑडिटर वेगळे. बँका कधी फी कमी करतात, कधी त्याऐवजी शेअर घेतात, पण ते शेअरही तुमच्याच वाट्यातून जातात.

शिवाय स्पॉन्सर. आयपीओनंतरच्या एकूण शेअरपैकी २० टक्के त्यांना नाममात्र पैशांत मिळतात, रिवाजाने सगळे मिळून २५,००० डॉलरला. तुमच्या स्पॅकच्या आकाराला हे २८ लाख ७५ हजार शेअर झाले, एका शेअरला एक सेंटही न पडता. ९० टक्के लोक निघून गेले तर बाहेरच्या लोकांकडे उरतील तीन लाखांच्या आत. भाव दहाचा दोन झाला तरी स्पॉन्सरला सत्तावन्न लाख डॉलर सुटतात. विलीनीकरण झालं नाही तर मात्र त्याच्या हाती काही नाही. म्हणून मुदत संपत आलेला स्पॉन्सर फार मागेपुढे बघत नाही, आणि तुमचा स्पॅक मुदत एकदा वाढवून बसलाय.

गजाली

वाशीचो दलालसुद्धा आंबो विकल्यावर अडत घेता. ह्यो पेटी उघडायच्या आधीच घेता!

खाडीकाठ

पण मोठमोठ्या कंपन्या गेल्याच ना या रस्त्याने? आमच्या साहेबांनी सभेत ग्रॅब आणि रिन्यूची नावं घेतली.

न्यूजर्सीवाला

गेल्या. २०२१ साली एकट्या अमेरिकेत सहाशेच्या वर स्पॅक आले आणि त्यांनी १६० अब्ज डॉलरच्या वर गोळा केले. ग्रॅब त्याच वर्षी डिसेंबरमध्ये सुमारे ४० अब्ज डॉलरच्या मूल्यांकनावर लिस्ट झाली आणि पहिल्याच दिवशी शेअर वीस टक्क्यांहून जास्त पडला. रिन्यू ऑगस्ट २०२१ मध्ये गेली. तिचा धंदा खरा आहे, वीज विकते, तरी शेअर नंतर बहुतेक काळ दहाच्या खालीच राहिला. तुमच्या साहेबांनी वीवर्कचं नाव घेतलं नसणार. तीही ऑक्टोबर २०२१ मध्ये याच रस्त्याने आली आणि नोव्हेंबर २०२३ मध्ये दिवाळखोरीत गेली. तुमच्या कंपनीच्या जवळचं उदाहरण बघायचं तर झूमकार बघा, डिसेंबर २०२३. लिस्टिंगनंतर शेअर इतका कोसळला की पुढे रिव्हर्स स्प्लिट (अनेक शेअरचा एक करून भाव वर दाखवणं) करावा लागला. नॅस्डॅकवर भाव सलग ३० कामकाजाचे दिवस एक डॉलरच्या खाली राहिला की नोटीस येते, त्यातून सुटायला हा नेहमीचा उपाय.

सगळेच स्पॅक बुडवे असं मी म्हणत नाही. यात्रा डॉट कॉम २०१६ मध्ये स्पॅकमधून नॅस्डॅकवर गेली, तिच्या भारतीय कंपनीचा २०२३ मध्ये इकडे रीतसर आयपीओही आला. पण तुमचा प्रश्न कंपनी टिकेल का हा नाही. खताचे पैसे घालून दहाच्या भावावर विसंबायचं का, हा आहे.

एक गोष्ट तुमच्या फायद्याची. जुलै २०२४ पासून अमेरिकी सेकचे (म्हणजे तिकडच्या सेबीचे) नवे नियम लागू आहेत. वेगवेगळ्या रिडेम्प्शनला एका शेअरमागे किती पातळ व्हाल, म्हणजे तुमचा वाटा किती घटेल, त्याचा तक्ता द्यावाच लागतो, आणि पुढच्या पाच वर्षांची गुलाबी भाकितं करताना पूर्वी जी कायद्याची ढाल पुढे करत ती आता स्पॅकना मिळत नाही. कंपनी एफ-४ नावाचं निवेदन दाखल करेल, सेकच्या एडगर साइटवर फुकट मिळतं. त्यात ‘कमाल रिडेम्प्शन’ हा रकाना बघा. एचआरची पीडीएफ बाजूला ठेवा.

मधली_आळी

अवांतर: हे भारतात का करत नाहीत? सेबीवर भरोसा तरी आहे.

सीए_चिपळूण

आपल्या कंपनी कायद्यात नोंदणीपासून वर्षभरात धंदा सुरू केला नाही तर रजिस्ट्रार नाव काढून टाकू शकतो, आणि स्पॅकला तर दोन वर्षं धंदाच नसतो. सेबीने विचार केला, चौकट अजून नाही. गिफ्ट सिटीच्या नियामकाने मात्र २०२१ पासून आपल्या नियमांत स्पॅकला जागा दिली आहे.

आता धागाकर्त्यांसाठी. न्यूजर्सीवाल्यांनी भावाचं सांगितलं, मी टॅक्सचं सांगतो, कारण तुमचा खड्डा तिथे जास्त खोल आहे. पगार ३० टक्क्यांच्या टप्प्यात आहे असं धरतो.

आज एक्सरसाइज केलंत तर ८०० वजा ५०, म्हणजे ७५० रुपये गुणिले ३,०००: साडेबावीस लाख हे पगारासारखं उत्पन्न. सेस धरून ३१.२ टक्क्यांनी ७ लाख २ हजार टॅक्स, कंपनी कापून घेणार. वर दीड लाख. झाले ८ लाख ५२ हजार, हातात एक रुपया न येता.

पुढे भारतीय कंपनीचे शेअर देऊन केमनच्या कंपनीचे घेतलेत की तेही हस्तांतरणच. दोन भारतीय कंपन्यांच्या विलीनीकरणात मिळते ती सूट इथे नाही. नव्या शेअरची किंमत एचआर म्हणते तशी धरली तर जुन्या एका शेअरमागे १,३६० रुपये. त्यातून ८०० वजा, नफा ५६० गुणिले ३,०००, म्हणजे १६ लाख ८० हजार. शेअर २४ महिने धरलेले नाहीत, म्हणून अल्पमुदतीचा नफा, पुन्हा ३१.२ टक्के: ५ लाख २४ हजार. एकूण १३ लाख ७६ हजार घातलेत आणि शेअर लॉक-इनमध्ये, म्हणजे विकायला बंदी, बहुधा १८० दिवस. लॉक-इन सुटेपर्यंत भाव ३ डॉलरवर आला तर तुमचे सगळे ४,८०० शेअर १२ लाख २४ हजारांचे. म्हणजे घातले त्याहून कमी. आणि भांडवली तोटा पगारातून वजा होत नाही, फार तर पुढची आठ वर्षं भांडवली नफ्यातून वळता करता येतो.

म्हणून एचआरला एकच प्रश्न लेखी विचारा: एक्सरसाइज न केलेले ऑप्शन नव्या कंपनीच्या ऑप्शनमध्ये रूपांतरित होणार का? बहुतेक करारांत होतात. तुमचे ३,००० चे ४,८०० होतील, किंमत ५० ची ३१ रुपये २५ पैसे. टॅक्स तुम्ही एक्सरसाइज कराल त्या दिवशी, त्या दिवसाच्या भावावर. भाव पडला तर टॅक्सही पडेल. दुसरं, कंपनीकडे स्टार्टअपचं आंतरमंत्रालयीन मंडळाचं प्रमाणपत्र आहे का? असेल तर ईसॉपवरचा टॅक्स पुढे ढकलता येतो, पण फार थोड्या कंपन्यांकडे असतं.

नोकरी सोडायचा विचार असेल तर मात्र हे गणित बदलतं. राजीनाम्यानंतर ऑप्शन थोड्याच दिवसांत रद्द होतात.

खाडीकाठ

साहेब, डोळे उघडले. नोकरी सोडायचा विचार नाही, गावात राहून एवढा पगार कोण देतंय. एचआरचं उत्तर आलं: ऑप्शन रूपांतरित होणार, सक्ती काही नाही. प्रमाणपत्र नाही. बाबांना १३ लाख ७६ हजारांचा हिशेब कागदावर मांडून दाखवला. त्यांनी चष्मा लावून दोनदा वाचला आणि खतवाल्याला फोन केला.

शेवटची शंका. रूपांतर झालं तर लिस्टिंगच्या दुसऱ्या दिवशी घेऊन विकता येतील?

न्यूजर्सीवाला

नाही. कर्मचाऱ्यांचे ऑप्शनचे शेअर विकायला कंपनीने एस-८ हा फॉर्म भरावा लागतो, आणि आधी शेल (स्पॅकसारखी धंदा नसलेली) असलेल्या कंपनीला विलीनीकरणानंतरची माहिती दाखल केल्यावर ६० दिवस थांबावं लागतं. लॉक-इन ऑप्शनवाल्यांनाही आहे का, ते करारात वेगळं बघा. आणि शेअर मोकळे झाले त्या आठवड्यात सगळेच विकायला येतात हेही लक्षात ठेवा.

सीए_चिपळूण

एक्सरसाइज करून शेअर हातात आले की त्या वर्षीच्या रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेचं शेड्यूल एफए भरा, एकही विकला नसेल तरी. ते आर्थिक वर्षाने नाही, जानेवारी ते डिसेंबर असं भरायचं असतं. परदेशी ब्रोकरचं खातं उघडाल तेही त्यातच दाखवा. चिपळूणला येणं झालं तर कागद घेऊन या, करारातलं लॉक-इनचं कलम बघून सांगतो.