ओस्कीत अनुत्तीर्ण झाल्यानंतर परदेशातील इलेक्टिव्हला जावे का?

प्रश्न : अर्धीपायरी

मी वैद्यकीय शिक्षणाच्या शेवटून दुसऱ्या वर्षाला आहे. लेखी परीक्षेत मला चांगले गुण मिळाले, परंतु ओस्की या प्रात्यक्षिक परीक्षेत सोळापैकी सहा स्थानकांवर (म्हणजे ठरलेल्या मिनिटांत एकेक छोटे काम करून दाखवण्याच्या जागांवर) मी अनुत्तीर्ण झाले आणि त्यामुळे संपूर्ण विषय राहिला. पुरवणी परीक्षा सात आठवड्यांनी आहे. तिचा निकाल लागल्यानंतर दोनच आठवड्यांनी मला परदेशातील एका जिल्हा रुग्णालयात सहा आठवड्यांच्या इलेक्टिव्हसाठी, म्हणजे विद्यार्थ्याने स्वतः निवडलेल्या ठिकाणच्या प्रशिक्षणासाठी, जायचे आहे. हे ठिकाण मी वर्षभरापूर्वी पत्रव्यवहार करून मिळवले होते. त्या भागात मलेरिया आणि क्षयरोग दोन्हींचे प्रमाण मोठे आहे, आणि तेथील भाषा मला येत नाही.

निकाल लागून नऊ दिवस झाले. पुस्तक उघडले की दोन पानांनंतर लक्ष उडते, आणि वॉर्डात रुग्णासमोर उभी राहिले की परीक्षकच समोर बसला आहे असे वाटून बोलताना अडखळते. मुक्काम पुढे ढकलावा की नाही, तिकडच्या डॉक्टरांना या निकालाविषयी सांगावे की नाही, आणि अभ्यास व प्रवासाची तयारी एकत्र कशी करावी, याविषयी अनुभवी मंडळींचे मत हवे आहे. आणखी एक गोष्ट प्रामाणिकपणे लिहिते. तिकडे विद्यार्थ्यांना बरेच काही स्वतःच्या हाताने करायला मिळते असे वरच्या वर्गातील विद्यार्थी सांगतात, आणि तिथे हात बसला तर गेलेला आत्मविश्वास परत येईल, अशी मला आशा आहे.

उत्तर : रात्रपाळी

मी स्वतः याच परीक्षेत एकदा अनुत्तीर्ण झालो होतो, म्हणून आधी तेवढ्यापुरतेच लिहितो. ओस्कीची पद्धत वैद्यकीय शिक्षणतज्ज्ञ रोनाल्ड हार्डेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1975 मध्ये मांडली. तिच्यामागचा हेतूच असा होता की विद्यार्थ्याचे भवितव्य एका रुग्णावर आणि एका परीक्षकाच्या मनःस्थितीवर अवलंबून राहू नये. प्रत्येक स्थानकावर वेगळा परीक्षक असतो आणि गुण आधी ठरलेल्या निकषांनुसार दिले जातात. म्हणजे तुमच्या हातात आला आहे तो सोळा छोट्या निकालांचा संच, आणि तो उलगडून पाहिल्याशिवाय पुस्तक उघडू नका. विभागाकडे लेखी अर्ज करून स्थानकनिहाय गुण आणि परीक्षकांचे शेरे मागा. मला स्वतःला त्या कार्यालयाच्या दारात जायला तीन आठवडे लागले, कारण तिथल्या लिपिकालाही माझा निकाल ठाऊक असेल याची लाज वाटत होती. ते तीन आठवडे वाया गेले याचे मला आजही वाईट वाटते.

शेरे हातात आल्यावर मला कळले की माझे ज्ञान कमी पडलेच नव्हते. आठ मिनिटांच्या स्थानकात मी साडेसहा मिनिटे हिस्टरी (रुग्णाच्या तक्रारींची आणि पूर्वीच्या आजारांची माहिती) घेत होतो, मग घाईघाईने तपासणी उरकत होतो आणि निदान सांगण्याआधीच घंटा वाजत होती. पाच स्थानकांवर हाच एक दोष होता. तो समजला नसता तर मी पुन्हा तीच जाडजूड पुस्तके वाचत बसलो असतो आणि पुन्हा तिथेच अडकलो असतो.

तुमच्याही बाबतीत लेखी परीक्षा उत्तम झाली आहे, त्यामुळे उरलेल्या सात आठवड्यांत वाचन कमी आणि सराव जास्त ठेवा. रोडिगर आणि कार्पिक या मानसशास्त्रज्ञांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत असे दिसले की उतारा पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनंतर जास्त आठवत होते, परंतु आठवड्यानंतर मात्र न पाहता आठवून लिहिणारे पुढे होते. विशेष म्हणजे आपल्याला पुढेही चांगले आठवेल असा विश्वास पुन्हापुन्हा वाचणाऱ्यांनाच अधिक होता. आपण वैद्यकीय विद्यार्थी याच विश्वासाला फसतो. दोन सहाध्यायी गोळा करा, एकाने रुग्ण व्हावे, एकाने घड्याळ आणि निकषांची यादी घेऊन बसावे, आणि प्रत्येक फेरीनंतर ‘काय राहिले’ एवढेच बोलावे.

नऊ दिवसांत लक्ष न लागणे मला अस्वाभाविक वाटत नाही. परंतु झोप आणि भूक न लागणे, कशातही रस न वाटणे हे दोन आठवड्यांपलीकडे गेले, किंवा जगणे नकोसे वाटू लागले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना भेटा. पुरवणी परीक्षेची वाट पाहू नका. 2016 मध्ये जगभरातील अभ्यास एकत्र करून झालेल्या एका मोठ्या आढाव्यात वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी सुमारे 27 टक्के जणांमध्ये नैराश्य किंवा त्याची लक्षणे आढळली होती. ज्या वर्गात तुम्ही स्वतःला एकटे समजत आहात, त्याच वर्गातील कितीतरी जण हे गप्प बसून सोसत असतात.

उत्तर : शीतसाखळी

मी प्रवासी आरोग्याच्या बाह्यरुग्ण विभागात काम करते, म्हणून फक्त तयारीविषयी लिहिते. निकाल लागल्यावर पाहू, असे लसीकरणाबाबत करता येत नाही. हेपटायटिस बीच्या लसीचे तीन डोस नेहमीच्या क्रमाने 0, 1 आणि 6 महिन्यांनी असतात. तुमचे डोस आधीच झाले असतील, परंतु रक्तातील प्रतिपिंडांची पातळी तपासली आहे का, हे पाहा; ती प्रति मिलिलीटर किमान 10 मिली-आंतरराष्ट्रीय युनिट हवी. डोस राहिले असतील तर 0, 7 आणि 21 दिवसांचा वेगवान क्रम आणि वर्षाने एक बूस्टर असा मार्ग असतो. जायच्या देशाला पीतज्वराचे प्रमाणपत्र लागत असेल तर ते लस घेतल्यानंतर दहाव्या दिवसापासूनच वैध ठरते. या सगळ्यासाठी याच आठवड्यात वेळ घ्या. परीक्षेचा निकाल काहीही लागो, घेतलेली लस वाया जात नाही.

मलेरियाच्या प्रतिबंधक गोळ्यांविषयी डॉक्टरांशी बोलताना सध्याची मनःस्थिती लपवू नका. हे मी मुद्दाम लिहिते आहे, कारण विद्यार्थी हमखास लपवतात. मेफ्लोक्विन या औषधाने चिंता, नैराश्य, भयानक स्वप्ने असे त्रास होऊ शकतात, आणि ज्यांना नैराश्य किंवा चिंताविकार आहे वा पूर्वी होता त्यांना ते दिले जात नाही. डॉक्सिसायक्लिन किंवा अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल हे पर्याय आहेत. परतल्यानंतर डॉक्सिसायक्लिन चार आठवडे आणि अ‍ॅटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल सात दिवस चालू ठेवायचे असते, आणि नेमके तेच घरी आल्यावर विसरले जाते.

सुई टोचण्याची शक्यता गृहीत धरूनच जा. एचआयव्हीबाधित रक्ताची सुई टोचल्यास संसर्गाची शक्यता सुमारे 0.3 टक्के असते. आकडा लहान आहे, पण त्यावरील प्रतिबंधक औषधे शक्य तितक्या लवकर, काही तासांतच, आणि उशिरात उशिरा 72 तासांच्या आत सुरू करून 28 दिवस घ्यावी लागतात. तिथे ती औषधे कोणत्या खोलीत असतात, रात्री कोणाला उठवायचे आणि ती नसल्यास तुम्ही काय करणार, हे तिथे पोहोचण्याआधी पत्र लिहून विचारा. टोचलेली जागा साबण आणि पाण्याने धुवायची, पिळायची नाही. क्षयरोगासाठी स्वतःच्या चेहऱ्यावर नीट बसणारे एन-95 मुखपट सोबत न्या, आणि जाण्याआधी व परतल्यानंतर साधारण आठ आठवड्यांनी क्षयरोगाची चाचणी करून घ्या.

उत्तर : पुन्हा तेच वर्ष

माझे मत थोडे वेगळे आहे. मी संपूर्ण वर्ष पुन्हा केले आहे, आणि माझ्या मते निकाल आणि प्रयाण यांत दोनच आठवडे असतील तर मुक्काम पुढे ढकलण्याचा पर्याय आजच लिहून ठेवावा. यजमान रुग्णालयाने तुमच्यासाठी कोणाची तरी वेळ राखून ठेवलेली असते, त्यामुळे शेवटच्या क्षणी नाही म्हणणे त्यांच्यासाठी त्रासाचे होते. निर्णयाची एक तारीख ठरवा आणि ती त्यांनाही कळवा.

उत्तर : दूरचा दवाखाना

मी गेली बरीच वर्षे परदेशातून येणाऱ्या विद्यार्थ्यांना माझ्या वॉर्डात घेतो, आणि प्रश्नातील शेवटच्या वाक्यावर मला सविस्तर लिहायचे आहे. तिथे हात बसेल आणि आत्मविश्वास परत येईल, असे तुम्ही लिहिले आहे. हे तुम्ही मोकळेपणाने लिहिलेत याचा मला आदर वाटतो, कारण बहुतेक जण हीच इच्छा मनात दडवून येतात. परंतु याच इच्छेने सर्वाधिक नुकसान होते.

अनेक वर्षांपूर्वी एक विद्यार्थी आमच्याकडे आला होता. हुशार आणि कष्टाळू मुलगा. मनुष्यबळ इतके कमी होते की कनिष्ठ डॉक्टरने त्याला जलोदराच्या रुग्णाच्या पोटातील पाणी काढायला सांगितले आणि तो दुसऱ्या रुग्णाकडे गेला. मुलाने हे फक्त पाहिलेले होते, पण तो नाही म्हणाला नाही. रुग्णाला रक्तस्राव झाला. रुग्ण वाचला, परंतु आणखी आठ दिवस रुग्णालयात राहिला, आणि त्या आठ दिवसांत त्याच्या घरची शेतीची कामे अडून राहिली. नंतर बोलताना तो मुलगा रडला आणि त्याने सांगितले की मायदेशी तो प्रात्यक्षिकात अनुत्तीर्ण झाला होता, आणि ‘मला हे येत नाही’ हे शब्द पुन्हा एकदा तोंडातून काढणे त्याला शक्य झाले नाही. दोष त्याच्या एकट्याचा नव्हता. त्याला एकटे सोडणाऱ्या आमच्या व्यवस्थेचा तो अधिक होता, आणि वॉर्डाचा प्रमुख मीच होतो. तेव्हापासून प्रत्येक विद्यार्थ्याला मी पहिल्याच दिवशी विचारतो की तुला काय येत नाही ते सांग.

जी गोष्ट तुमच्या महाविद्यालयात देखरेखीशिवाय करू दिली जात नाही, ती इथेही करायची नाही, ही मर्यादा तुम्हीच सांभाळायची आहे, कारण थकलेल्या वॉर्डात ती दुसरे कोणी सांभाळेलच असे नाही. इथला रुग्ण गरीब आहे किंवा त्याला दुसरा डॉक्टर मिळणार नाही, म्हणून त्याच्या शरीरावर सराव करण्याचा अधिकार आपल्याला मिळत नाही. नकार देण्याचे वाक्य प्रवासाला निघण्याआधी मोठ्याने म्हणून पाहा : ‘हे मी कधी केलेले नाही, मी पाहीन आणि तुम्हाला मदत करीन.’ हे वाक्य आयत्या वेळी सुचत नाही.

यजमानांना सांगावे का, तर माझे उत्तर स्पष्ट होकारार्थी आहे. लांबलचक खुलासा नको, चार ओळी पुरेत : अमुक परीक्षा पुन्हा द्यायची आहे, निकाल अमुक तारखेला आहे, अमुक कौशल्यांत मी कच्ची आहे, आणि त्यांवर देखरेखीखाली काम करायची इच्छा आहे. असे पत्र माझ्याकडे आले तर मी त्या विद्यार्थिनीला आनंदाने घेतो, कारण तिला कुठे उभे करायचे हे मला आधीच कळलेले असते.

राहिला भाषेचा प्रश्न. सर्वांत आधी ‘मी विद्यार्थिनी आहे, अजून डॉक्टर नाही’ हे वाक्य तेथील भाषेत शिका. त्यानंतर दुखते कुठे, कधीपासून, तपासू का, दुखले तर सांगा, अशी तीस-चाळीस वाक्ये पाठ करा. दुभाष्यामार्फत बोलताना नजर रुग्णाकडे ठेवा, एका वेळी एकच छोटा प्रश्न विचारा, आणि शक्य असेल तेव्हा रुग्णाच्या लहान मुलाला दुभाषी करू नका. आईच्या रक्तस्रावाविषयी मुलाला बोलायला लावणे दोघांवरही अन्याय आहे. शेवटी ‘मी जे समजले ते सांगते, बरोबर आहे का पाहा’ असे म्हणून सारांश सांगा. ओस्कीच्या निकषांच्या यादीतही बहुतेकदा हाच मुद्दा असतो, त्यामुळे पुरवणी परीक्षेचा सराव आणि इकडची तयारी या दोन गोष्टी तुम्हाला वाटतात तितक्या वेगळ्या नाहीत.

प्रश्नकर्तीचे उत्तर : अर्धीपायरी

सर्वांचे मनापासून आभार. रात्रपाळी यांनी लिहिल्याप्रमाणे काल विभागात जाऊन शेरे घेतले. सहा अनुत्तीर्ण स्थानकांपैकी पाचांवर जवळजवळ एकच गोष्ट लिहिलेली आहे : तपासणी पूर्ण, परंतु निष्कर्ष सांगितला नाही. मला निष्कर्ष ठाऊक होता. चुकेल या भीतीने मी तो बोलत नव्हते. एका परीक्षकाने ‘विचारल्यावर अचूक उत्तर दिले’ असेही लिहिले आहे, ते वाचून मी तिथेच बाकावर बराच वेळ बसले होते.

दूरचा दवाखाना, तुमचे उत्तर मी तीनदा वाचले. हात बसवण्याविषयीचे माझे वाक्य लिहिताना मला त्यात काही वावगे दिसले नव्हते, आणि आता मात्र त्या रुग्णाचे आठ दिवस डोक्यातून जात नाहीत. यजमान डॉक्टरांना आज सकाळी चार ओळींचे पत्र पाठवले, त्यात सुई टोचल्यावरच्या औषधांची चौकशीही केली आहे. पुन्हा तेच वर्ष यांच्या सल्ल्याप्रमाणे निकालाचा दिवस हीच निर्णयाची तारीख म्हणून त्यांना कळवली आहे. अनुत्तीर्ण झाल्यास मी येणार नाही, पुढच्या सत्रात जागा असल्यास कळवावे, असे लिहिले आहे. लसीकरणासाठी गुरुवारची वेळ मिळाली आहे, आणि तिथल्या डॉक्टरांना झोपेविषयीही सांगणार आहे. आज संध्याकाळी दोन मैत्रिणींसोबत पहिली सराव फेरी आहे. त्यांना सांगून ठेवले आहे की शेवटची दोन मिनिटे उरली की मला थांबवायचे, आणि निष्कर्ष मोठ्याने बोलल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचे नाही.