रानचेरीच आहे ना ही? प्लीज लवकर सांगा

मीठभाकर: ट्रेलवर ओढ्याकाठी झुडूप आहे, डोक्याच्या जरा वर, वाटाण्याएवढी काळपट लाल फळं. सासूबाई वाडगाभर तोडून घेऊन आल्यात, मुरांबा करायचा म्हणतात, साखर मोजूनसुद्धा झाली. मी एक चाखलं तर कच्च्या जांभळासारखं तोंड तुरट झालं. फोटो अपलोड होत नाहीये.

रानमेवा_७७: करवंद.

देवगडकर: करवंदाला काटे असतात, चीक येतो. ओढा कुठला ते सांगा आधी, लोणावळ्याचा की लंडनचा?

मीठभाकर: अहो कोलोरॅडो, फोर्ट कॉलिन्स! प्रोफाइलमध्ये आहे की.

जर्सीचा_बंड्या: ब्लॅक चेरी. आमच्या बॅकयार्डात आहे, पान उलटून बघा, मधल्या शिरेलगत तपकिरी लव असते.

पानफूल: बंड्या, ती तुमच्या पूर्वेकडची, आणि तिचं चांगलं उंच झाड होतं. रॉकी पर्वताच्या पायथ्याशी ओढ्याकाठी, घळीत, कुंपणाच्या कडेनं वाढते ती चोकचेरी. पण आधी बकथॉर्न नाही ना ते बघा, ती फळं खायची नसतात. फळ कापा, आत एकच आठळी की तीन-चार बिया? फळं लांब दांड्यावर घोसानं की पानांच्या बेचक्यात झुपक्यानं?

मीठभाकर: एकच आठळी. बोटभर लांब दांडा, त्याला दहा-बारा फळं. पानं नाही आणली.

पानफूल: मग परत जा. पानाच्या कडेला बारीक टोकदार दात आणि देठावर पात्याजवळ दोन गाठी दिसायला हव्यात. तोवर कुणी खाऊ नका, आणि मिक्सर तर अजिबात नको, आठळी फुटली की त्यातनं सायनाइड सुटतं.

जर्सीचा_बंड्या: आम्ही खातो बरं का, काही होत नाही.

देवगडकर: आठळ्या फोडून खाता का?

फार्गोकर: चोकचेरी आमच्या नॉर्थ डकोटाचं राज्यफळ आहे, २००७ पासून! इकडे सिरप, जेली करतात. भरपूर साखर लागते.

पुणेरी_बाग: पुण्यात कुंडीत लागेल का चेरी?

देवगडकर: फळ धरायला कडक थंडी लागते हो. वेगळा धागा काढा.

मीठभाकर: जाऊन आले. दोन गाठी आहेत, दातही आहेत, फांदी खरवडली तर कडू बदामासारखा उग्र वास. पण इकडे सासूबाईंनी साखर घालून गॅसवर चढवलंय, आठळ्यांसकट!

पानफूल: अख्ख्या आहेत ना? मग न चेचता गाळून घ्या. खाण्याआधी फांदी विद्यापीठाच्या एक्स्टेन्शन ऑफिसला (शेती-बागेबद्दल सल्ला देणारं केंद्र) दाखवा, तुमच्या गावातच आहे.

फार्गोकर: मुरांबा नाही व्हायचा, गर कुठाय त्याला? सरबत होईल.

मीठभाकर: हे त्यांना तुम्हीच सांगा.