सहीचे नमुने डेटाबेसमध्ये ठेवावेत की फोल्डरमध्ये?

खटपट्या: एका पतसंस्थेचं सॉफ्टवेअर माझ्या गळ्यात पडलंय. डेटाबेस मायएसक्यूएल. खातेदारांचे फोटो आणि सह्या आधीच्या गड्याने बेस-६४ करून (म्हणजे फाइलचे बाइट साध्या अक्षरांत लिहून) टेक्स्ट कॉलममध्ये कोंबल्यात. टेबल उघडलं की प्रत्येक ओळ ‘स्लॅश नऊ जे’ने सुरू, म्हणजे सगळे जेपेग. गंमत अशी, की बऱ्याच खातेदारांचा हनुवटीखालचा भाग करडा दिसतो! टेक्स्टची मर्यादा ६५,५३५ बाइट. बेस-६४ मध्ये ३ बाइटचे ४ होतात, म्हणजे ४८ केबीच्या पुढचा फोटो कापलाच. न मावणारा डेटा नाकारणारा स्ट्रिक्ट मोड बंद, त्यामुळे नुसती वॉर्निंग, ती कोण वाचतो? माझं मत: फाइली फोल्डरमध्ये, टेबलात फक्त पाथ, म्हणजे फाइलचा पत्ता.

जुना डीबीए (डेटाबेस सांभाळणारा): रोग एक, औषध भलतंच. बेस-६४ काढा, कॉलम मीडियमब्लॉब करा; ब्लॉबमध्ये बाइट जसेच्या तसे राहतात आणि १६ एमबीपर्यंत जागा आहे. पाथ ठेवलात तर रोलबॅक झाल्यावर, म्हणजे अर्धवट व्यवहार डेटाबेसने मागे घेतल्यावर, फाइल मागे उरणार. आणि डेटाबेसचा डंप (बॅकअप) रात्री दोनचा, फोल्डरची कॉपी पहाटे पाचची. मधल्या तीन तासांचं काय?

पाथवाला: आणि तो डंप किती फुगेल? शिवाय कुणीतरी ‘सिलेक्ट स्टार’ मारतोच, म्हणजे सगळे कॉलम मागवतोच. नावांची यादी हवी असते, सोबत हजार फोटो येतात.

जुना डीबीए: मग फोटोंचं टेबल वेगळं करा की! डंप फुगेल, पण तो घेताना हेक्स-ब्लॉब हा पर्याय द्या, म्हणजे फोटोंचे बाइट बिघडणार नाहीत. मायक्रोसॉफ्ट रिसर्चने २००६ मध्येच मोजून दाखवलंय: २५६ केबीच्या आत डेटाबेस सरस, १ एमबीच्या वर फाइल सिस्टिम. सही किती, २० केबी?

पाथवाला: ते मायक्रोसॉफ्टच्याच एसक्यूएल सर्व्हर डेटाबेसवर आणि विंडोजच्या एनटीएफएस फाइल सिस्टिमवर मोजलं होतं. इथं मायएसक्यूएल आहे, आकडे जसेच्या तसे लावू नका.

खटपट्या: बरं, सह्या-फोटो ब्लॉबमध्ये, हे पटलं; सही चुकीच्या खात्याला लागली तर माझी नोकरी जाईल. पण कर्जाच्या कागदपत्रांच्या आठ-दहा एमबीच्या पीडीएफ मी आत घेणार नाही, कितीही सांगा.

जुना डीबीए: त्या घेऊच नका, मी कधी म्हटलं? पण कापलेले बाइट डीकोड करून परत येणार नाहीत, हे लक्षात आहे ना? मूळ स्कॅन आहेत?

खटपट्या: स्कॅन नाहीत. सहीची कार्डं आहेत, फोटो चिकटवलेली, लोखंडी कपाटात. किल्ली मॅनेजरसाहेबांकडे, आणि साहेब सोमवारपर्यंत रजेवर.